हिब्रू शास्त्रातील आज्ञाभंग करणारे राजे आणि ख्रिस्ती वाचक : एक समीक्षा

सारांश :

हिब्रू शास्त्रातील शमुवेल व राजे या ग्रंथांत शौलापासून सिद्कीयापर्यंत अनेक राजांच्या आज्ञाभंगाच्या कथा आल्या आहेत. ख्रिस्ती उपदेशात या कथांचा उपयोग सामान्य श्रद्धावंतांना आज्ञाधारकपणाचा धडा देण्यासाठी केला जातो. मूळ कथांचा रोख मात्र सत्ताधाऱ्याकडे आहे. प्रस्तुत निबंधात 'ऐकणे' आणि 'फाडणे' या दोन हिब्रू क्रियापदांच्या आधारे शौल, दावीद, शलमोन, योशीया, यहोयाकीम इत्यादी राजांच्या कथांची समीक्षा केली असून ख्रिस्ती वाचकाने त्यांतून काय घ्यावे व काय घेऊ नये, याचा विचार केला आहे.

बीजशब्द : हिब्रू शास्त्र, शौल, आज्ञाभंग, राजसत्ता, संदेष्टा, ख्रिस्ती अर्थनिर्णय.

१. प्रस्तावना

कोणत्याही समाजाने आपल्या राजांचा इतिहास लिहिला की त्यात राजाचा गौरव ओघानेच येतो. प्राचीन मिसर, असुर व बाबेल येथील राजलेख या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. तेथे राजा कधी हरत नाही, कधी चुकत नाही. या पार्श्वभूमीवर इस्राएल लोकांनी जतन केलेला आपल्या राजांचा इतिहास हा एक अपवादच म्हणावा लागेल. ज्या राजाने देश वैभवाला नेला त्याच्याही अधर्माची नोंद येथे केलेली आहे. ज्याला सर्वांत आदर्श मानले त्या दावीदाचा व्यभिचार व त्याने घडवून आणलेली हत्या यांवरही पांघरूण घातलेले नाही. 'इतिहास' या नंतरच्या ग्रंथाने दावीदाचे हे प्रकरण गाळले, परंतु शमुवेलाच्या ग्रंथाने ते गाळले नाही, ही बाब लक्षणीय आहे.

यहुदी परंपरेत यहोशवा, शास्ते, शमुवेल व राजे हे ग्रंथ 'पूर्व संदेष्टे' या विभागात मोडतात. ख्रिस्ती बायबलात त्यांची गणना ऐतिहासिक ग्रंथांत होते. वर्गीकरणातील हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण वाचनाची दिशा त्यानेच ठरते. इतिहास म्हणून वाचल्यास राजा केंद्रस्थानी येतो. संदेष्ट्यांचे वाङ्मय म्हणून वाचल्यास राजाला प्रश्न विचारणारा केंद्रस्थानी येतो. प्रस्तुत विवेचनात दुसरी भूमिका स्वीकारली आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) आज्ञाभंग करणाऱ्या राजांच्या कथांतील समान सूत्र शोधणे, (आ) शौल व दावीद यांना मिळालेल्या भिन्न न्यायाची चिकित्सा करणे, (इ) या कथांच्या प्रचलित ख्रिस्ती वाचनातील उणिवा दाखवणे, (ई) आजच्या ख्रिस्ती मंडळीला व ख्रिस्ती संस्थांना लागू पडणारे बोध मांडणे.

अभ्यासासाठी वाङ्मयीन समीक्षेची पद्धती वापरली आहे. या ग्रंथांच्या रचनेविषयी मार्टिन नोथ यांनी १९४३ साली असे मत मांडले की, अनुवाद ते राजे हे ग्रंथ एका व्यापक इतिहासकृतीचे भाग असून तिचे लेखन यरुशलेमच्या विनाशानंतर, म्हणजे इ.स.पू. सहाव्या शतकात झाले. पुढील अभ्यासकांनी या मतात बरेच बदल सुचवले. तथापि सर्व काही गमावल्यानंतर 'हे का घडले?' असा प्रश्न विचारणाऱ्या पिढीचा हात या लेखनावर फिरला आहे, हे सामान्यतः मान्य आहे. राजांच्या चुका येथे इतक्या निर्भयपणे का सांगितल्या, याचा उलगडा त्यातून काही अंशी होतो.

३. राजाविषयीचा नियम

राजांच्या आज्ञाभंगाचे मोजमाप कोणत्या आज्ञेने करावयाचे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. अनुवाद ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात राजाविषयीचा एक छोटा नियम आहे. राजाने घोडे वाढवू नयेत व त्यासाठी लोकांना पुन्हा मिसरात पाठवू नये, पुष्कळ बायका करू नयेत, सोन्यारुप्याचा अतिरेकी साठा करू नये. यानंतर एकच विधायक कर्तव्य सांगितले आहे. राजाने नियमशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी तयार करून ती आयुष्यभर वाचावी. त्यामागचा हेतूही दिला आहे : आपल्या भाऊबंदांपेक्षा आपण उंच आहोत, असे त्याच्या मनाने घेऊ नये.

राजाने युद्धे कशी जिंकावी, कर किती घ्यावा याविषयी येथे अवाक्षर नाही. सैन्य, अंतःपुर आणि खजिना ही प्राचीन राजसत्तेची तीन लक्षणे होत, आणि नियम नेमका त्यांवरच मर्यादा घालतो. राजा हा कायद्याचा उगम नसून कायद्याचा वाचक आहे, ही या नियमामागील कल्पना आहे. यापुढील सर्व कथा या कल्पनेच्या उजेडात वाचाव्या लागतात.

४. शौल : ऐकण्यातील दोष

'शौल' या नावाचा अर्थच 'मागितलेला' असा आहे. लोकांनी शमुवेलाकडे राजा मागितला तेव्हा शमुवेलाने राजा काय काय घेईल याची यादीच त्यांच्यापुढे ठेवली : मुलगे, मुली, शेते, द्राक्षमळे, कळपांचा दशमांश. तरीही लोकांनी आग्रह सोडला नाही आणि परमेश्वराने शमुवेलाला लोकांचे ऐकण्यास सांगितले. म्हणजे राजसत्तेचा आरंभच एका इशाऱ्यानिशी झालेला आहे.

शौलाच्या आज्ञाभंगाचे दोन प्रसंग सांगितले आहेत. पहिला प्रसंग गिलगाल येथील. पलिष्टी सैन्य समोर ठाकले आहे, शौलाची माणसे पांगत आहेत, शमुवेलाने दिलेली सात दिवसांची मुदत संपत आली आहे. शौल स्वतःच होमार्पण करतो आणि ते संपते न संपते तोच शमुवेल येऊन पोहोचतो. याजकाचे काम राजाने केले हा शौलाचा अपराध, असे नेहमी सांगितले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. दावीद व शलमोन यांनीही अर्पणे केल्याचे याच ग्रंथमालेत नमूद असून त्यांना दोष दिलेला नाही. शौलाचा दोष अर्पण करण्यात नसून वाट न पाहण्यात आहे. अर्पण हे त्याच्या लेखी पांगणारे सैन्य थोपवण्याचे साधन बनले आहे.

दुसरा प्रसंग पंधराव्या अध्यायातील आहे. अमालेकी लोकांचा समूळ संहार करण्याची आज्ञा होते. शौल लढाई जिंकतो, परंतु राजा अगागाला जिवंत ठेवतो आणि उत्तमोत्तम गुरेमेंढरे राखतो. त्यानंतर तो कर्मेल येथे स्वतःचे स्मारक उभारतो. शमुवेल येतो तेव्हा शौल, आपण आज्ञा पूर्ण पाळली, असे सांगत त्याचे स्वागत करतो. शमुवेल त्याला एवढेच विचारतो की, मग माझ्या कानांवर हे मेंढरांचे ओरडणे कसले येत आहे?

हा अध्याय हिब्रू भाषेत वाचताना दोन शब्द पुनःपुन्हा येतात. एक 'शामा' म्हणजे ऐकणे आणि दुसरा 'कोल' म्हणजे आवाज. अध्यायाच्या आरंभी शौलाला परमेश्वराच्या शब्दांचा 'कोल' ऐकण्यास सांगितले आहे. मध्यावर मेंढरांचा 'कोल' येतो. अखेरीस शौल कबूल करतो की, त्याला लोकांची भीती वाटली व त्याने लोकांचा 'कोल' ऐकला. शमुवेल यज्ञाची आणि ऐकण्याची तुलना करून ऐकण्याला वरचे स्थान देतो, ते या संदर्भात. हिब्रूमध्ये 'आज्ञा पाळणे' यासाठी वेगळे क्रियापद नाही. 'ऐकणे' हेच त्यासाठी वापरले जाते. येथे मराठी वाचकाला एक सोय आहे. 'पोरगा बापाचे ऐकत नाही' असे आपण म्हणतो तेव्हा त्या पोराच्या कानात दोष आहे, असा अर्थ कोणी करीत नाही. 'आज्ञापालन' या संस्कृत शब्दात लष्करी शिस्तीची छटा येते. 'ऐकणे' या साध्या शब्दात नाते आणि लक्ष देणे या दोन्ही गोष्टी आहेत. हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात आयुष्याची अनेक वर्षे घालवणाऱ्या पंडिता रमाबाईंनी (निधन १९२२) मूळ भाषेकडे जाण्याचा जो मार्ग घालून दिला, त्याचे महत्त्व अशा ठिकाणी कळते.

लोकांचे ऐकणे हाच दोष, असे मात्र येथून अनुमान काढता येत नाही. रहबामाच्या कथेत नेमके उलट घडते. शलमोनाच्या वेठबिगारीने पिचलेले लोक ओझे हलके करण्याची मागणी करतात. वडीलधारे सल्लागार सौम्य उत्तर देण्यास सांगतात. रहबाम समवयस्कांच्या नादी लागतो आणि ग्रंथकार, राजाने लोकांचे ऐकले नाही, अशी नोंद त्याच 'शामा' क्रियापदाने करतो. परिणामी राज्य दुभंगते आणि वेठीचा अधिकारी अदोराम दगडमाराने मरतो. शौलाने लोकांचे ऐकले ते स्वतःची पत राखण्यासाठी. रहबामाने ऐकले नाही तेही त्याच कारणासाठी. दोघांनाही आपल्या आसनाचीच काळजी होती.

५. कबुली आणि कबुलीनंतरचे वाक्य

शौल व दावीद यांची तुलना या ग्रंथाच्या अभ्यासकांना नेहमीच अडचणीत टाकते. शौलाने काही जनावरे आणि एक राजा राखला. दावीदाने आपल्या निष्ठावान सैनिकाची, उरीयाची, बायको आपल्याकडे आणविली आणि त्याला रणात मारविले. सामान्य नीतीच्या मापाने दावीदाचा अपराध कितीतरी मोठा आहे. तरी शौलाचे राज्य काढून घेतले जाते व दावीदाचे टिकते. डेव्हिड गन या समीक्षकाने १९८० साली शौलावर लिहिलेल्या ग्रंथात हा प्रश्न ठळकपणे पुढे आणला आणि शौलाच्या नशिबात परमेश्वराची एक काळोखी बाजू दिसते, असे सुचविले. हे मत सर्वांना पटणार नाही, पण प्रश्न टाळण्याजोगा नाही.

दावीदाने पाप कबूल केले, शौलाने केले नाही, हे रूढ उत्तर मूळ पाठावर टिकत नाही. 'हताती', म्हणजे 'मी पाप केले', हा शब्द दोघांच्याही तोंडी आहे. शौलाच्या तोंडी तर तो एकाहून अधिक वेळा आला आहे. फरक आहे तो कबुलीला जोडलेल्या वाक्यात. शौल कबुली देतो आणि लगेच कारण सांगतो : लोकांची भीती. दुसऱ्यांदा कबुली देतो आणि लगेच मागणी करतो : वडीलजनांसमोर माझा मान राखावा. नाथानासमोर दावीदाची कबुली हिब्रूमध्ये अवघ्या दोन शब्दांची आहे. तिला कारण नाही, मागणी नाही. बथशेबा किंवा युद्ध यांचा उल्लेखही नाही.

यावरून दावीद सुटला असे नाही. त्याचे मूल जाते, घरात तलवार शिरते, अबशालोमाच्या बंडात त्याला अनवाणी यरुशलेम सोडावे लागते. शिवाय शिक्षा भोगणाऱ्यांत निरपराध मूल आहे आणि बथशेबेला काय वाटले, हे कथेत कोठेच सांगितलेले नाही. ही अस्वस्थता कथेतच आहे आणि समीक्षकाने ती मिटवण्याचा प्रयत्न करू नये.

६. 'फाडणे' : एका क्रियापदाचा प्रवास

शौलाच्या कथेत एक दृश्य आहे. शमुवेल पाठ फिरवतो, शौल त्याच्या झग्याचा काठ धरतो आणि तो फाटतो. शमुवेल त्या फाटण्याचा अर्थ लावतो : तुझे राज्य असेच फाडून घेतले आहे. यासाठी हिब्रूत 'कारा' हे क्रियापद आहे. राजांच्या पुढील इतिहासात हे क्रियापद महत्त्वाच्या वळणांवर पुन्हा भेटते, असे दिसून येते.

शलमोनाने राज्यारंभी जे मागितले, त्याचे हिब्रू शब्द 'ऐकणारे हृदय' असे आहेत. पुढे मात्र अनुवादातील राजनियमाची तिन्ही कलमे तो एकेक करून मोडतो. वर्षाला ६६६ किक्कार सोने, १,४०० रथ व १२,००० स्वार, मिसरातून आणलेले घोडे, ७०० राण्या व ३०० उपपत्नी. ग्रंथकार प्रारंभी हे आकडे वैभवाच्या सुरात देतो, पण राजनियम ठाऊक असलेल्या वाचकाला ती आरोपपत्राची यादी वाटते. अखेर शलमोनाला, राज्य फाडून घेतले जाईल, असे सांगण्यात येते. संदेष्टा अहीया नवे वस्त्र फाडून त्याचे बारा तुकडे करतो आणि दहा यराबामाच्या हाती देतो.

अहाबाची गोष्ट अशीच. शल्मनेसर तिसरा या असुर राजाच्या कुर्ख येथील शिलालेखात इ.स.पू. ८५३ च्या कर्कर येथील लढाईत अहाबाने २,००० रथ उतरविल्याची नोंद आहे. राजे या ग्रंथाला या लढाईचे नावही घ्यावेसे वाटत नाही. त्याला सांगावयाचे आहे ते इज्रेलमधील एका द्राक्षमळ्याविषयी. नाबोथ आपले वडिलोपार्जित वतन विकण्यास नकार देतो. ईजबेल राजाच्या नावे पत्रे लिहून, खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमाराने ठार करविते आणि अहाब मळा ताब्यात घेण्यास जातो. एलीया तेथेच त्याला गाठतो. मोठ्या लढाईपेक्षा एका शेतकऱ्याची जमीन ग्रंथकाराला अधिक महत्त्वाची वाटली, हे या वाङ्मयाचे मूल्यभान आहे. अहाब हे ऐकून आपली वस्त्रे फाडतो आणि तेवढ्यानेही त्याच्यावरील न्याय पुढे ढकलला जातो.

या क्रियापदाचा सर्वांत परिणामकारक उपयोग मात्र बाप आणि लेक यांच्या दोन प्रसंगांत आहे. इ.स.पू. ६२२ च्या सुमारास मंदिरात सापडलेला नियमशास्त्राचा ग्रंथ योशीयापुढे वाचला जातो. तो ऐकतो आणि आपली वस्त्रे फाडतो. संदेष्ट्री हुल्दा त्याला निरोप पाठवते : तू आपली वस्त्रे फाडलीस, म्हणून परमेश्वरानेही ऐकले आहे. ऐकणे आणि फाडणे ही दोन्ही क्रियापदे येथे एकत्र येतात. त्यानंतर सुमारे अठरा वर्षांनी त्याचा मुलगा यहोयाकीम हिवाळी वाड्यात शेगडीपुढे बसला असताना यिर्मयाचा पट वाचला जातो. तीन-चार स्तंभ वाचून झाले की राजा लेखकाच्या चाकूने ते कापून आगीत टाकतो. येथे कापण्यासाठी तेच 'कारा' क्रियापद वापरले असून, कोणी आपली वस्त्रे फाडली नाहीत, असे पुढच्याच वाक्यात त्याच क्रियापदाने सांगितले आहे. तिघे अधिकारी पट न जाळण्याची विनंती करतात. राजा त्यांचे ऐकत नाही. बापाने शब्द ऐकून वस्त्र फाडले. लेकाने वस्त्र शाबूत ठेवून शब्द फाडला.

आज्ञाभंगाचे याहून नेमके चित्र मिळणे कठीण आहे. यिर्मया नंतर तोच मजकूर बारूखाकडून पुन्हा लिहून घेतो आणि त्यात भर घालतो. राजा गेला, पट राहिला.

७. प्रचलित ख्रिस्ती वाचनाची चिकित्सा

वरील विवेचनाच्या आधारे प्रचलित ख्रिस्ती वाचनातील तीन उणिवा दाखविता येतात.

पहिली उणीव म्हणजे रोख बदलणे. शौलाची कथा सांगून मंडळीतील सामान्य माणसाला पाळकाची, पतीची, संस्थेची आज्ञा पाळण्यास सांगितले जाते. मूळ कथेत आज्ञाभंग करणारा हा राज्यातील सर्वांत बलवान माणूस आहे. उलट, याच ग्रंथात सामान्य माणसाच्या नकाराचा गौरव आहे. नोब येथील याजकांना ठार करण्याची आज्ञा शौल आपल्या शिपायांना देतो तेव्हा ते हात उचलत नाहीत. दवेग हा अदोमी ती आज्ञा पाळतो आणि ८५ याजक मारले जातात. या प्रसंगात आज्ञाधारक ठरलेला माणूसच अपराधी आहे. नव्या करारातील प्रेषितांनी न्यायसभेपुढे मनुष्यांपेक्षा देवाचे मानण्याची जी भूमिका घेतली, तिचे पूर्वज हे निनावी शिपाई आहेत.

दुसरी उणीव हिंसेच्या प्रश्नाकडे पाठ फिरवण्याची आहे. शौलाला जी आज्ञा मोडल्याबद्दल दोष दिला, ती स्त्रिया व तान्ही मुले यांच्यासह एका जमातीच्या संहाराची होती. 'देवाने सांगितले म्हणून ते योग्य' असे म्हणून हा प्रश्न निकालात काढणे नैतिकदृष्ट्या धोकादायक आहे. यहुदी परंपरेने हा प्रश्न टाळलेला नाही. तालमुदातील योमा या भागात अशी कथा आहे की, मोठ्यांनी पाप केले तर लहानांचा काय दोष, असा प्रश्न शौलाने केला तेव्हा त्याला फाजील नीतिमान होऊ नकोस असे बजावण्यात आले. आणि दवेगाला याजकांना मारण्यास सांगितले तेव्हा, फाजील दुष्ट होऊ नकोस, असे बजावण्यात आले. शमुवेलाच्या ग्रंथातही ही विसंगती सूचित आहे. नोब गावात पुरुष, स्त्रिया, मुले, तान्ही बाळे, बैल, गाढवे व मेंढरे मारली गेली, ही यादी अमालेकी लोकांविषयीच्या आज्ञेतील यादीशी जवळजवळ जुळते. शत्रूच्या बाबतीत हात आखडणारा राजा स्वतःच्या लोकांवर तोच संहार करतो. शिवाय पंधराव्या अध्यायात परमेश्वराला शौलाला राजा केल्याचे वाईट वाटले, असे दोनदा येते आणि मधेच शमुवेल, परमेश्वराला कधी पस्तावा होत नाही, असे सांगतो. दोन्हीकडे हिब्रू क्रियापद एकच आहे. ज्या अध्यायात इतका ताण आहे, तो अध्याय सरळ आदेशासारखा वाचता येणार नाही. शत्रूवर प्रीती करण्यास सांगणाऱ्या ख्रिस्ताचा अनुयायी आपल्या कोणत्याही विरोधकाला 'अमालेकी' म्हणू शकत नाही, हे येथे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे.

तिसरी उणीव ऐतिहासिकदृष्ट्या सर्वांत घातक ठरली आहे. 'यहुदी आज्ञाभंजक, म्हणून त्यांच्या जागी आम्ही' असे वाचन ख्रिस्ती जगात शतकानुशतके चालले व त्यातून यहुदीद्वेषाला खतपाणी मिळाले. वस्तुतः या कथा यहुदी लोकांनी स्वतःविषयी लिहिल्या, जपल्या व सभास्थानात वाचल्या. अगागाची ही कथा आजही पुरीम सणापूर्वीच्या शब्बाथी वाचली जाते. कोकणातील बेने इस्राएल समाजामुळे मराठी भाषेला तर हिब्रू शास्त्राचे यहुदी व ख्रिस्ती असे दोन्ही वाचक लाभले आहेत. एखाद्या समाजाच्या आत्मटीकेला त्याच्याविरुद्धची साक्ष म्हणून वापरणे, हा त्या आत्मटीकेचा अपमान होय. ख्रिस्ती मंडळीने आपल्या पोपांचा, बिशपांचा, मिशनांचा इतिहास इतक्या निर्भयपणे लिहून तो उपासनेत वाचला आहे काय, हा प्रश्न स्वतःला विचारणे अधिक उचित ठरेल.

८. ख्रिस्ती वाचकासाठी बोध

या समीक्षेतून पुढील बोध निघतात.

(अ) या कथा प्रथम अधिकारपदावरील व्यक्तींनी वाचाव्यात. बिशप, पाळक, विश्वस्त, ख्रिस्ती शाळा-महाविद्यालयांचे व रुग्णालयांचे संचालक हे या कथांचे पहिले वाचक होत. अनुवादातील राजा ज्याप्रमाणे नियमाची प्रत स्वतःजवळ ठेवतो, त्याप्रमाणे संस्थाचालकही नियमांच्या वर नसतो.

(आ) उपासना ही अन्यायाची भरपाई होऊ शकत नाही. शौलाने राखलेली मेंढरे यज्ञासाठी आहेत, असे सांगितले. आमोस, यशया, मीखा व होशेय यांनी हाच मुद्दा पुढे नेला आणि येशूने परूश्यांशी झालेल्या वादात होशेयाचाच आधार घेतला. कामगारांचे वेतन थकवून बांधलेल्या प्रार्थनामंदिराला हा निकष लागू होतो.

(इ) खऱ्या कबुलीत कारण व मागणी नसते. संस्थांकडून चूक झाली असता दिल्या जाणाऱ्या निवेदनांत 'परिस्थितीमुळे' आणि 'संस्थेची प्रतिष्ठा' हे शब्द हटकून येतात. ही शौलाची भाषा आहे.

(ई) भीती हे आज्ञाभंगाचे मूळ आहे. शेवटचा राजा सिद्कीया यिर्मयाला गुप्तपणे बोलावून सल्ला विचारतो, त्याला तो पटतोही. पण बाबेलकडे गेलेले आपलेच लोक आपली विटंबना करतील, या भीतीने तो पाळत नाही. इ.स.पू. ५८७/५८६ मध्ये यरुशलेम पडले आणि रिब्ला येथे मुलांचा वध पाहावयास लावून त्याचे डोळे काढण्यात आले. सत्य माहीत असणे आणि सत्य ऐकणे यांत किती अंतर असते, ते येथे दिसते.

(उ) नाथानासाठी जागा असली पाहिजे. अहाबाच्या दरबारी होकार देणारे ४०० संदेष्टे होते. मीखाया एकटाच नकार देणारा होता व त्याला तुरुंगात टाकण्यात आले. ज्या संस्थेत सर्व अहवाल अनुकूल येतात, त्या संस्थेच्या प्रमुखाने चिंता करावी.

(ऊ) पश्चात्तापाला उशीर होत नाही, परंतु परिणाम पुसले जातातच असे नाही. मनश्शेने ५५ वर्षे राज्य केले. 'राजे' ग्रंथ त्याला विनाशाचे कारण मानतो. 'इतिहास' ग्रंथ त्याच्या बंदिवासातील प्रार्थनेची व पुनःस्थापनेची हकीकत सांगतो. शास्त्राने दोन्ही वृत्तान्त शेजारी राहू दिले. क्षमा आणि जबाबदारी यांपैकी एकाचीच निवड करण्याची सक्ती वाचकावर नाही.

९. निष्कर्ष

हिब्रू शास्त्रातील राजांच्या कथांत आज्ञाभंग म्हणजे हुकूम मोडणे एवढाच अर्थ नाही. ऐकण्यास नकार देणे हा त्याचा गाभा आहे. राजापुढे शब्द येतो तेव्हा त्याला दोनच मार्ग असतात : स्वतःला फाडणे किंवा शब्दाला फाडणे. शौल पतीच्या चिंतेत अडकला, शलमोनाचे ऐकणारे हृदय वैभवाने बहिरे झाले, यहोयाकीमाने चाकू उचलला, सिद्कीयाने ऐकूनही न ऐकल्यासारखे केले. योशीयाने आपले वस्त्र फाडले. त्यानेही राज्य वाचले नाही, हे ग्रंथकार लपवीत नाही. मगिद्दो येथे तो मारला गेला आणि पुढे पाव शतकाच्या आत देश बुडाला. ऐकण्याचे फळ यश हेच असते, असे आश्वासन या कथा देत नाहीत.

ख्रिस्ती वाचकाने या कथा दुसऱ्याचा न्याय करण्यासाठी किंवा दुर्बलांना वाकविण्यासाठी वापरल्या, तर तो यहोयाकीमाचेच काम अधिक सभ्यपणे करीत असतो. आपल्याला गैरसोयीचे ठरणारे स्तंभ कापून उरलेला पट वाचण्यासाठी शेगडीचीही गरज लागत नाही. त्या कापलेल्या भागांत काय लिहिले होते, हे वाचकांना दाखवून देणे हे अध्यापकाचे व समीक्षकाचे काम होय.